हृदयाचा धडा, इंग्रजीतून

लालबागला मसाल्याच्या गिरण्यांच्या मागे आमची शाळा आहे. दुपारी मिरची दळायला लागली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, नाहीतर अख्खा वर्ग शिंकतो. तिथे मी विज्ञान शिकवते. अनेक वर्षं मराठीतून शिकवलं. मग एका मार्चमध्ये संस्थेचे सचिव शिक्षकखोलीत आले आणि म्हणाले, जूनपासून पाचवीच्या पुढचे वर्ग इंग्रजी माध्यमाचे होणार. मराठीला मुलंच येत नाहीत, हे आम्हालाही दिसत होतं. डिलाईल रोडच्या चाळींतली, ज्यांचे आजोबा कापडगिरणीत होते त्या घरांतली मुलंसुद्धा आता टाय लावून दुसऱ्या शाळांत जात होती.

"कुणाला काढणार नाही," सचिव म्हणाले. "फक्त इंग्रजी व्याकरणाचा बेसिक कोर्स करायचा, लेखी परीक्षा द्यायची आणि समितीसमोर एक पाठ घ्यायचा."

माझी जागा विनाअनुदानित, त्यामुळे सरकार दुसऱ्या शाळेत सामावून घेईल ही आशा नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता.

"करून टाक ना," तो म्हणाला. "या वयात दुसरीकडे कोण घेणार आहे तुला?"

तो वाईट हेतूने बोलला नाही. खरं तेच बोलला. दुसऱ्या दिवशी मी कोर्सला नाव दिलं.

कोर्स शनिवारी दुपारी सातवीच्या वर्गात व्हायचा. मुलांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे तिरके करून बसायचो. शिकवायला दादरहून एक तरुण मुलगी येई. समजूतदार होती, कधी आवाज चढवला नाही. पहिल्याच दिवशी तिने प्रत्येकाला स्वतःविषयी एक वाक्य बोलायला सांगितलं. मी उभी राहून म्हणाले, "आय ॲम टीचिंग सिन्स मेनी इयर्स."

"मॅडम, ‘आय हॅव बीन टीचिंग’," ती म्हणाली. "आणि किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स’ केव्हापासून ते सांगतो."

मी मान डोलावून बसले. आयुष्यात जे केलं ते सांगणारं माझं एकमेव वाक्य, आणि त्यात दोन चुका.

माझ्या शेजारी मराठीचे सर बसायचे. मूळचे मालवणचे, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’चा तक्ता फळ्यावर आला तेव्हा ते हळूच मला म्हणाले, "बाई, माका आता ह्या जमाचा नाय." मला वाटलं, गंमत करतायत. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. राजीनामा देऊन गावी गेले. मला त्यांचा राग आला. त्यांना जायला गावात घर होतं, आंब्याची झाडं होती. माझी मुलगी कॉलेजात होती, आणि आमचं जे काय होतं ते याच दोन खोल्यांत होतं.

मुलगी संध्याकाळी माझा अभ्यास घ्यायची. आधी हौसेने, मग कंटाळून.

"आई, तू मनात मराठी वाक्य बनवतेस आणि मग फिरवतेस. डायरेक्ट इंग्लिशमध्ये विचार कर ना."

"मला विचारच मराठीत सुचतात गं."

"मग कसं होणार?" असं म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

लेखी परीक्षा मी पास झाले. पाठासाठी मी हृदय निवडलं, कारण तो धडा माझ्या हातचा होता. दरवर्षी मी मुलांना पटांगणात एक फेरी धावायला लावायची, धापा टाकत परत आली की एकमेकांच्या मनगटावर बोटं ठेवायला सांगायची, आणि मग रक्त कुठून कुठे जातं ते बोलत राहायची. या वेळी धावायला लावलं नाही. मुलं परत येऊन काय विचारतील याची भीती वाटली. पाठ केलेली वाक्यं ओळीने म्हटली. ‘द हार्ट’ म्हणताना ‘द’ विसरले नाही. मागच्या बाकावर समितीचे दोघं बसले होते.

शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

एक मुलगी उभी राहिली. शिवडीहून यायची, एरवी फार बोलायची नाही. "बाई, आपण रडतो तेव्हा पण छातीत जोरजोरात धडधडतं. तेव्हा तर आपण धावत नसतो. मग का?"

इतका चांगला प्रश्न मला त्या धड्यावर कधीच कुणी विचारला नव्हता. उत्तर मला येत होतं. मराठीत ते पुरतं माझ्या तोंडाशी आलं होतं. "व्हेन वी क्राय," मी सुरुवात केली, "अवर बॉडी…" आणि पुढे काहीच नाही. मागचे दोघं माझ्याकडे बघत होते. मुलगी उभीच होती.

"गुड क्वेश्चन," मी म्हणाले. "सिट डाऊन."

ती बसली. समितीने मला पास केलं. शेऱ्यात लिहिलं होतं, वर्गावर नियंत्रण उत्तम.

मधल्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं आणि सगळं मराठीतून सांगितलं. भीती वाटली, दुःख झालं की शरीराला वाटतं संकट आलंय. मग ते हृदयाला पळायची तयारी करायला लावतं, आपण जागचे हललो नाही तरी. तिने लक्ष देऊन ऐकलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाई, आता मराठीत बोललं तर चालतं का?"

"जिन्यात चालतं," मी म्हणाले.

जूनपासून मी इंग्रजीतून शिकवते. ती मुलगी आता माझ्या वर्गात प्रश्न विचारत नाही. वह्या नीट पूर्ण करते. परवा पावसाने शाळा बंद होती, तेव्हा माझ्या मुलीने घरी माझा ऑनलाइन तास बाजूला बसून ऐकला आणि म्हणाली, "आई, भारीच. एकही चूक नाही झाली तुझी."

"जे चुकेल असं वाटतं, ते मी बोलतच नाही," मी म्हणाले.

तिला ते हुशारीचं वाटलं. ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. मी उद्याच्या पाठाची वाक्यं लिहायला बसले.