ओल्या गठाणीचं वजन

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. माफ करा. पण आमच्या काटेवाल्या भाऊजींसारखा माणूस साऱ्या इंदूरात दुसरा झाला नाही, आणि हे कोणीतरी लिहायला हवं.

छत्रीबागेत ते आमच्या शेजारी राहायचे. मिलमध्ये कापसाच्या गठाणी तोलण्यात त्यांचा जन्म गेला. मिल बंद पडली तसे वजनाचं मशीन घेऊन स्टेशनाजवळ बसू लागले, माणशी एक रुपया. घरी जावई आला तरी आधी काट्यावर, मग चहा. फुकट मात्र कोणालाच तोलत नसत. म्हणायचे, "फुकटात काटा लाजतो, वहिनी."

माझ्या सुमीला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन घटू देऊ नका आणि फार वाढूही देऊ नका, दोन्हींत पोरीला धोका आहे. मग भाऊजी दर रविवारी तिला तोलायचे आणि रुपया वहीत उधार मांडायचे. आमच्या यांचीही मिल बंद, रोख कुठून देणार?

गोळ्यांनी पोरीला भूक सुटली, गाल टम्म झाले. मी हरखले, सारी गल्ली हरखली. कोणी जलेबी आणी, कोणी शिरा. भाऊजींनी तेवढा काटा दोनदा पाहिला. मग म्हणाले, "वहिनी, ही पाणी मारलेली गठाण आहे. काट्याला भारी, आत कापूस नाही."

मी पदराआडून म्हटलं, "पोरीला दृष्ट लावू नका."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, गोड-तळण बंद केलं. त्या दिवसापासून भाऊजी सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात खुर्ची टाकून बसले. "जलेबी? लाओ भिया, जप्त!" आणि स्वतःच खायचे. महिन्यात चार किलो वाढले. तेही वहीत लिहिलं, स्वतःचा रुपया डब्यात टाकून.

पुढे उलटं झालं. सुमी काही खाईना, बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी नुसती रडत बसायची. भाऊजी ताट घेऊन तिच्यासमोर बसत. "एक घास तू, एक मी. देखते हैं कौन हारता है." पोरगी हरायला तयार नसे. पाव-पाव किलोनं काटा वर आला.

सुमी बरी झाली, आता शाळेत शिकवते. भाऊजी गेले. रविवारी "चल बेटा, काट्यावर" म्हणणारं कोणी नाही, तरी मी सकाळी दार उघडून बसते.

परवा पहिला पगार घेऊन सुमी त्यांच्या घरी गेली, मी मागोमाग. भाऊजींच्या बायकोनं, काकूंनी, वही काढली. एकशे तीस रविवार उधार होते. सुमी आधी मशीनवर उभी राहिली, काटा थांबेपर्यंत हलली नाही. मग तिनं एकशे एकतीस रुपये वहीवर ठेवले.