डाव्या गालावरचा तीळ

छापकाका प्रदर्शनाला जायला तयारच नव्हते. तिथे लावलेल्या चाळीसही प्रिंट्स त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलेल्या. त्याच पुन्हा भिंतीवर काय बघायच्या, असं त्यांचं म्हणणं. पण चित्रकार बाईंनी गळ घातली, मुलीने इस्त्रीचा शर्ट पुढे आणून ठेवला, तेव्हा शेवटच्या दिवशी ते निघाले.

प्रिंट्स काडेपेटीएवढ्या होत्या. दारातच प्रत्येकाच्या हातात एक भिंग दिलं जात होतं आणि माणसं भिंतीला नाक लावून, वाकून वाकून पुढे सरकत होती.

"सगळ्यांची मिळून एकच टाचणी हरवलीय जणू," मुलगी कुजबुजली.

छापकाका हसले. पण सतराव्या प्रिंटपाशी त्यांचं हसू विरलं. खिडकीजवळ स्टुलावर बसलेली एक बाई, मांडीवर रिकामा डबा. ती त्यांची बायको होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तीस वर्षं ते कार्यशाळेत एकच काम करत आले होते. चित्रकाराने तांब्याच्या प्लेटवर सुईने चित्र कोरायचं; यांनी त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसचं चाक फिरवायचं. एका प्लेटच्या पंचवीसच प्रिंट्स. त्या सगळ्या विकल्या गेल्या की प्लेटवर आरपार एक रेघ ओढायची, म्हणजे सव्विसावी कोणाला काढता येऊ नये. ही रेघही छापकाकाच ओढत. शेकडो प्लेटांवर त्यांनी ती ओढली होती आणि कधी पापणी लवली नव्हती.

बायको रोज साडेबाराला डबा घेऊन यायची आणि ते जेवेपर्यंत स्टुलावर बसून अख्ख्या गल्लीचं उणंदुणं काढायची. अशाच एका दुपारी बाईंनी तिला समोर बघत थेट प्लेटवर कोरलं होतं. पहिली प्रिंट निघाली तेव्हा तिने ती डोळ्यांपाशी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, माझा तीळ कुठे नेला यांनी? डाव्या गालावरचा उजव्यावर गेलाय!"

"प्रिंट उलटीच येते. प्लेटवर बघ, तिथे बरोबर आहे."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांना सगळं उलटंच दाखवत आलात म्हणा की!"

फोटोचं तिला वावडं. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. घरात तिचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, आणि त्यातही ती कोणाशी तरी भांडून आल्यासारखी. ती जशी होती तशी फक्त त्या प्लेटवर उरली होती. दुपारी कार्यशाळा रिकामी झाली की छापकाका कपाटातून प्लेट काढत, खिडकीपाशी जरा तिरकी धरत. उजेड रेघांत शिरला की ती दिसायची, तिळासकट. मग प्लेट जागेवर ठेवून ते डबा उघडत.

"ही शेवटचीच ना हो?"

काठी टेकत आलेल्या एका आजींनी सतराव्या प्रिंटकडे बोट दाखवलं. "मी घेतलीय ही. आणखी नाही ना निघणार?"

गॅलरीच्या मॅडम म्हणाल्या, "यांनाच विचारा. हेच काढतात."

"नाही आजी," छापकाका सवयीने बोलून गेले. "ही पंचविसावी. आता संपली."

बोलले आणि मग त्यांना कपाटातली प्लेट आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कार्यशाळेत आल्या. चित्रकार बाईही होत्या. विकून संपलेल्या प्रिंट्सच्या प्लेटा टेबलावर मांडल्या होत्या. छापकाकांनी सगळ्यांवर रेघा ओढल्या आणि एक प्लेट बाजूला सारली.

"मॅडम, एवढी एक राहू द्या."

मॅडमनी प्लेटवर नजर टाकली. "काका, घेणाऱ्यांना शब्द दिलाय. पंचवीसांतली एक मी स्वतःसाठी घेतली होती, ती तुम्ही न्या. हवी तर फ्रेम करून देते."

"प्रिंट नको. त्यात ती उलटी आहे."

"मग आरशात धरून बघा. सरळ दिसेल."

"आरशात मध्ये माझं तोंड येतं."

चित्रकार बाई हलकेच म्हणाल्या, "काका, कोपऱ्यातून ओढा ना. खिडकीवरून. चेहरा वाचेल."

मॅडमनी खांद्याची पिशवी सारखी केली. "मी काही बघितलं नाही," असं म्हणून त्या दाराकडे वळल्याही.

छापकाकांनी सुई उचलली. काडेपेटीएवढी प्लेट, पण कोपऱ्यात एक रेघ मावण्याइतकी जागा होती. ती त्यांनी बघून ठेवली होती. आदल्या रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता तो उगाच नाही. पण बाई नवीन असताना त्यांना याच टेबलाशी शिकवलं होतं ते यांनीच. 'कोपऱ्यातली रेघ ही रेघच नव्हे. तासाभरात घोटून बुजवता येते. चित्रात चेहरा असेल तर चेहऱ्यावरून ओढायची.' बाई खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांनाही ते आठवत असणार. आणि ती काठीवाली आजी छापकाकांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिला नाही म्हणून सांगितलं होतं ते मॅडमनी नव्हे, त्यांनीच.

त्यांनी चष्मा पुसला. प्लेट डाव्या हाताने दाबून धरली आणि कपाळापासून सुई ओढली.

मग नियमाप्रमाणे शाई भरून रेघेसकट एक प्रिंट काढली आणि पुराव्यासाठी दारात थांबलेल्या मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती नीट बघितलीही नाही. प्लेट मात्र त्यांनी कागदात गुंडाळून छापकाकांच्या खिशात घातली.

संध्याकाळी मुलीने ती खिडकीपाशी तिरकी धरली. आई दिसली. तीळ डाव्या गालावर होता. रेघ कपाळावरून सरळ गालापर्यंत उतरली होती आणि तिथे तिळाला वळसा घालून हनुवटीकडे गेली होती.

"बाबा, रेघ वाकडी कशी आली?"

"हात हलला," छापकाका म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

बराच वेळ नळ चालू होता.