प्रेस, पॉइंटर आणि मेन स्विच
कटिंग ऑइलचा वास आला की मला साकीनाक्याचा तो तापलेला गाळा आठवतो, जिथे ऐंशीच्या दशकात माझे साहेब आणि मी पत्रा कापायच्या प्रेसला कॉम्प्युटर जोडत होतो. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एका जागेचा पत्ता. आमच्या प्रोग्राममधला एक पॉइंटर मधूनच भलत्या जागेचा पत्ता धरायचा, तिथला आकडा हुकूम समजून प्रेस आपोआप खाली यायची, आणि तपासायला बसलो की मेली शहाण्यासारखी वागायची. एका दुपारी ती खाली आली ती प्रेसवरच्या ऑपरेटरची बाही दाबूनच. बोटं जेमतेम वाचली होती. "गो बाय, बंद कर ता!" तो ओरडला. मी मेन स्विचकडे धावले, तर साहेब मागून किंचाळले, "थांब! बंद केलंस तर मेमरी पुसली जाईल! पॉइंटर कुठे गेलाय तेवढं बघू दे!" प्रेस थरथरत होती, पुन्हा उठून आपटली असती. मी खटका ओढला. स्क्रीन काळी पडली, स्प्रिंगने प्रेस वर गेली. साहेब काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले, ऑपरेटर स्वतःच्या बोटांकडे. तो पॉइंटर आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. आजही कुठल्या कारखान्यात गेले की प्रोग्राम बघायच्या आधी मी विचारते, मेन स्विच कुठे आहे?