गुडघ्याच्या मापाची पायरी

अन्याय झाला तो मनीषावर. वय सात. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वादहाला, बदलापूरच्या एका मोठ्या सोसायटीच्या बागेत. नाव मी बदललंय, का ते पुढे कळेल. बाकी काही बदललेलं नाही.

नारळ फुटला होता. रिबीन कापून झाली होती. मनीषा दोरीच्या जाळीवर अर्ध्यापर्यंत चढली होती आणि सेक्रेटरी मला म्हणाले, "हिला खाली उतरवा मॅडम. चेक करायला आणली होती, चेक झालं. अब सोसायटी के बच्चे खेलेंगे."

मनीषा वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, मी पडत नाय. तुला माहितीय ना."

मला माहीत होतं. माझ्याइतकं तिथे कुणालाच नव्हतं.

ती अडथळ्यांची वाट मी आखली होती. उल्हासनगरला, कॅम्प पाचला, माझ्या बापाचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. तो वेल्डिंग करतो, मी ड्रॉइंग काढते. सोसायटीला हवं होतं की चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एकाच बागेत खेळावीत आणि कुणाचं हाड मोडू नये. कॅटलॉगमधली मापं मला पटेनात. मी खरी पोरं मागितली. सोसायटीच्या पोरांना रविवारीही क्लास. म्हणून तिथे घरकाम करणाऱ्या बायकांची पोरं आली, वॉचमनची दोन आली. तीन रविवार मी त्यांच्यामागे टेप घेऊन पळाले.

पायरी किती उंच? मनीषाच्या गुडघ्याइतकी. जाळीचा चौकोन केवढा? पुठ्ठ्याच्या चौकटी कापून तिच्या डोक्यातून घालून बघितल्या. जी सहज निघाली ते माप. लहानांची तोल सांभाळायची फळी जमिनीपासून वीतभर. मोठ्या पोरांच्या लोंबकळायच्या बारची पहिली पायरी मुद्दाम इतकी वर, की लहान पोराचा पाय पोचूच नये. खाली वाळू, कोपरापर्यंत हात बुडेल एवढी. वॉचमनचा मोठा मुलगा बारला लोंबकळला तेव्हा जोड करकरला. बापाने तो कापून पुन्हा जोडला. आमची चूक त्या पोराने पकडली.

आणि मी मनीषाला उतरवलं.

हो, मीच. काखेत धरलं, उचललं, वाळूत उभी केली. ती रडली नाही. चपला शोधायला लागली. कुणीतरी त्या गेटबाहेर नेऊन ठेवल्या होत्या.

मग टेबलावर तपासणीचा तक्ता आला. माझाच. प्रत्येक अडथळ्यापुढे एक रकाना: कोणी चढून पाहिलं. त्यात पोरांची नावं. सेक्रेटरींनी त्यावर पेन आपटलं. "ही नावं कशाला? तज्ज्ञांनी तपासलं, असं लिहा. सही करा, पेढा घ्या."

"तज्ज्ञ हेच आहेत," मी म्हणाले.

ते हसले. लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसं, प्रेमाने. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाप कानाशी आला. "पोरी, सही करून टाक. त्यांची बाग, त्यांचा कायदा."

मनीषाची आई त्याच सोसायटीत तीन घरी भांडी घासते. ती पुढे आली तेव्हा वाटलं, आता एक तरी माणूस माझ्या बाजूने. ती म्हणाली, "ताई, माझ्या पोरीचं नाव काढ त्यातून. मला उद्या कामाला यायचंय."

बाग माणसांनी भरलेली होती. इतकी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते.

नाव मी खोडलं. तो त्या बाईचा हक्क. मग कागद दुमडून पिशवीत घातला आणि म्हणाले, "ज्यांनी चढून पाहिलं त्यांनाच चढायला बंदी असेल, तर तपासणी झालीच नाही असं समजा. मी सही करणार नाही."

सही त्यांनी दोन दिवसांत दुसऱ्या कुणाची तरी घेतली. बाप माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलतो. बागेच्या गेटवर पाटी लागलीय: फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी. मागच्या महिन्यात मनीषा स्टेशनजवळ दिसली. मी हात केला. तिने आईच्या मागे तोंड लपवलं. उतरवणारे हात तिच्या लक्षात राहिलेत, आणि ते बरोबरच आहे.

आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर पहिली ओळ हीच असते: ज्या पोरांची मापं घेतली, ती आधी चढतील आणि रोज चढतील. ही ओळ वाचून अंबरनाथचं एक काम गेलं, उल्हासनगरचं एक गेलं. जाऊ दे. ओळ खोडणार नाही.

हे पत्रक हातात धरून उभे असलेले तुम्ही, आज संध्याकाळी तुमच्या सोसायटीच्या बागेपाशी जा. गेटवरची पाटी वाचा. तुमची भांडी घासणाऱ्या बाईच्या पोरीला ती बाहेर ठेवत असेल, तर घरातून पाना-पक्कड आणा. मी माझ्या हातांनी पोर उतरवली. तुम्ही तुमच्या हातांनी ती पाटी उतरवा.