बुलबुलाच्या शेपटीतल्या तीन गाठी

गालिचा जाळला तो खुद्द शौकतखालानेच, म्हणजे माझ्या मावशीनेच, आणि तोही आमचं भलं करताना. माझ्या बहिणीच्या, माहरुखच्या साखरपुड्याला ती हरमलच्या बियांचं धुपाटणं ओवाळून दृष्ट काढत होती. ओवाळता ओवाळता तिला नाचायचा मोह झाला, तिने एक गिरकी घेतली आणि अक्रोडाएवढा निखारा थेट गालिच्यावरच्या जोडीतल्या डाव्या बुलबुलाच्या शेपटीवर पडला.

तो रेशमी गालिचा माझ्या आजीने विणून घेतलेला. आमच्या घरातली प्रत्येक नवरी त्याच्यावरच बसली आहे. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. माहरुखची होणारी सासू गोड हसत म्हणाली, "काळजी नको, आमच्याकडे मशीनचा आहे. अगदी नवा."

खाला चाळीस वर्षं काशानच्या बाजारात जुने गालिचे रफू करते आहे. मशीनचा गालिचा हे शब्द ऐकून तिने चहाचा पेला खाली ठेवला. "मी जिवंत असताना?"

अडचण एकच होती. नक्षीचा कागद कधी नव्हताच. आजी रंग गाऊन सांगायची, मागावरच्या दोघी शेजारणी ते ऐकून गाठी मारायच्या. गाणं आता फक्त खालाच्या डोक्यात होतं, आणि नेमकं शेपटीपाशी ते अडायचं.

मी म्हणालो, "खाला, उजवा बुलबुल शाबूत आहे. त्याचा फोटो काढतो, उलटा करतो, चौकटी पाडून छापून देतो."

"बघा, तेहरानला शिकून आलाय," ती आईला म्हणाली, पण कागद घेतला.

खालाने जुन्या गोंड्यांतलं रेशीम उसवून जळलेल्या जागी नवे ताणे, म्हणजे उभे धागे, भरले. मग सहा दिवस डोळ्याला भिंग लावून गाठी मारल्या. सातव्या दिवशी शेपटीच्या टोकाशी तीन गाठींची जागा रिकामी राहिली.

"मोजायला चुकलात," मी म्हणालो.

"मी? तुझा कॉम्प्युटर चुकला."

मी चारदा मोजलं. दोघांचंही बरोबर होतं, तरी जागा उरलीच होती. खाला चिडली, उठली, कंबरेला ओढणी बांधली आणि अंगणात हौदाभोवती फिरत मोठ्याने गाऊ लागली. "दोन हिरव्या, एक पिवळी, चार निळ्या, एक लाल, शौकत, मनुका खाली ठेव, दोन पांढऱ्या..."

ती थांबली. आईही थांबली, हातातल्या पुदिन्यासकट.

"मनुका?" मी विचारलं.

"अरे देवा. मी पाच वर्षांची होते. पाहुण्यांच्या मनुका चोरत होते," खाला म्हणाली. "तुझी आजी गाता गाताच मला ओरडली."

"आणि शेजारणी?"

"त्यांना पुढचा रंग मिळालाच नाही. त्या लाल गाठीच मारत राहिल्या." ती हौदाच्या काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तीन लाल. आईने उसवल्या नाहीत, पुढच्या ओळी त्यांनाच जुळवून घेतल्या. साठ वर्षं या गालिच्यात माझी चोरी विणलेली आहे आणि मला पत्ता नाही."

तिने तीन लाल गाठी मारल्या. जागा भरली. शेपटीचं टोक शेजारच्या जुन्या पानाला अलगद टेकलं, जिथे ते पहिल्यापासून टेकत आलं होतं.

लग्नाला माहरुख त्याच्यावर आरशासमोर बसली. सासूबाई वाकून वाकून डाग शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हा पक्षी त्या पक्ष्यापेक्षा जरा लांब नाही का?"

"मनुका खाऊन वाढलाय," खाला म्हणाली.

तेवढ्यात दृष्ट काढायची वेळ झाली. सगळ्यांचे हात एकदम धुपाटण्याकडे गेले, पण ते खालाने आधीच उचललेलं होतं. आईने तिला दंडाला धरून दाराबाहेर नेलं. मग खालाने अंगणात उभं राहून, हात लांबवून, घुमटापासून हौदापर्यंत अख्ख्या घराचीच दृष्ट काढली. आणि तिथे गिरक्याही हव्या तितक्या घेतल्या.