गोळी घ्या आणि शिफ्टला जा

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नोकरी करते म्हटलं की नातेवाईक हळहळतात, "बाई गं, दिवसभर रडारड असेल." असते की. पण बारा वर्षं समुपदेशक म्हणून एकाच टेबलामागे बसलं की हसण्याचाही साठा होतो, आणि तो घरी उघडता येत नाही. आज नावं बदलून थोडा मोकळा करते.

आमच्याकडे पेशंट भरती करून घेत नाहीत. भोसरीतला तळमजल्यावरचा दवाखाना, बाहेर दोन बाकं. सकाळी यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, माझ्याशी बोलायचं, गोळी घ्यायची आणि चाकणच्या कंपनीची बस पकडायची.

पेशंटला सगळ्यात मोठा धसका असतो तो कुणी ओळखीचं बघेल याचा. एकदा एक गृहस्थ हेल्मेट घालूनच बाकावर बसले होते. शेजारी दुसरा, तोंडाला रुमाल, वर गॉगल. अर्धा तास दोघं एकमेकांकडे न बघता बसून. शेवटी मी नाव पुकारलं, "कदम."

हेल्मेट उठलं. रुमालातून आवाज फुटला, "कदम साहेब?"

आवाज साहेबांनी लगेच ओळखला. कंपनीत त्यांच्याच लाईनवरचा ऑपरेटर. "पवार, तू आजारी आहेस ना? सकाळी मेसेज टाकलास."

पवारने सावकाश रुमाल खाली घेतला. "व्हय साहेब. तुमची मीटिंग झाली का?"

पुढच्या आठवड्यापासून दोघं एकाच गाडीवर यायला लागले.

मोशीचे बबनराव मात्र कुणापासून काही लपवणारे नव्हते. त्यांनी हट्टाने अशी गोळी मागून घेतली, की ती चालू असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. डॉक्टरांनी बजावलं, "दाढीनंतर लावता त्या लोशनमध्येही अल्कोहोल असतं. तेसुद्धा नको." बबनरावांनी लोशन सोडलंच, वर धोका नको म्हणून दाढी करणंही सोडलं.

चार महिन्यांनी आले तर दाढी छातीवर. चेहरा पडलेला. मी घाबरले. "घेतली का काय?"

"न्हाई वो मॅडम. आळंदीला बसची वाट बघत हुतो. एका बाईनं पाय धरलं. म्हनली, म्हाराज, नातवाचं नाव ठिवा."

"मग?"

"ठिवलं की. आता कुठल्या तोंडानं प्यायची?"

शिंदे ट्रक चालवायचे. कंबरदुखीच्या गोळ्यांपासून सुरू झालं आणि ब्राऊन शुगरच्या पावडरीपर्यंत गेलं. अशा नशेवरची एक गोळी नर्ससमोर जिभेखाली ठेवायची असते. ती पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, बोलायचं नाही. शिंदे बोलायला लागले की समोरच्याचं वाक्य कधी पुरं होत नसे. माझंही नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली. बायको मंगलताई शेजारच्या खुर्चीवर सरसावून बसल्या. "आता ऐका," म्हणाल्या. मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, तीन वर्षांत नवऱ्याने न विचारलेलं सगळं त्यांनी त्या दहा मिनिटांत काढलं. शिंदे नुसते डोळे मोठे करत होते. दुसऱ्या दिवशी ताई मुद्दे लिहून घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी शिंद्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "प्रगती चांगली आहे. आता डोस कमी करत जाऊ."

मंगलताई विचारात पडल्या. "डोस करा कमी. वेळ तेवढाच ठेवता येईल का?"

सगळंच असं सरळ होत नाही. वेल्डर गायकवाड पाच महिने दारूविना कोरडे होते. भाच्याच्या हळदीत घसरले. दुसऱ्या दिवशी दारातून आत आले ते वासासकट. "मॅडम, काल घेतली. आज पण घेऊनच आलोय." मान खाली.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, बीपी बघितलं आणि विचारलं, "तुमची तारीख कधीची होती?"

"येत्या गुरुवारची."

"आज सोमवार. तीन दिवस लवकर आलात की."

केसपेपरवरही तसंच लिहिलं.

आणि निकम काका. पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेले. मुलगा संदीप पावडरीच्या पायी दोन नोकऱ्या घालवून बसलेला. आठ महिने काका त्याला रोज सकाळी स्कूटरवर आणायचे आणि बाकावर बसून बाकीच्या पेशंटना ऐकवायचे, "आम्ही पण घेतो. पण लिमिटमध्ये. रोज जेवणाआधी, औषधासारखी." संदीप भिंतीकडे बघत बसायचा. बापलेकांत बोलणं असं नव्हतंच.

संदीपला नवी नोकरी लागली, त्यानंतरची गोष्ट. एका शुक्रवारी गोळी घेऊन तो बाहेर आला. "चला पप्पा."

काका उठेनात. "तू हो पुढं. कामाला उशीर होईल."

"आणि तुम्ही?"

काकांनी हातातला केसपेपर मांडीवर पालथा ठेवला. "माझा नंबर यायचाय."

संदीपने तो पालथा कागद बघितला. मग म्हणाला, "कितवा?"

"सातवा."

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि काकांशेजारी बसत फोन लावला. "सर, आज उशीर होईल. वडिलांना दवाखान्यात आणलंय."