दाजींचा पिंजरा

अक्काचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी दाढी करत होतो. "तुना दाजी गयात रे," ती म्हणाली. "गाडीमा?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. "नही... झोकावर. जेवण करीसन बसेल व्हतात." मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं आश्चर्यही वाटलं. त्या माणसाने आपल्या लाल पद्मिनी गाडीच्या बाहेर मरावं, हे त्याच्या एकूण तोऱ्याला शोभणारं नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. दहाव्याला दाजींच्या गावी, असोद्यात, जमलेले बोललेही. दिलदार काय, शौकीन काय! याच मंडळींनी जन्मभर पारावर बसून दाजींची टवाळी केली होती. मी मात्र तोंडावर करत होतो, म्हणून आता गोड बोलायची माझ्यावर सक्ती नाही. दाजी गर्विष्ठ होते. उंच, ताठ, आणि ताठपणाचा माज असलेले. जुन्या घराच्या चौकटीला त्यांचं डोकं लागायचं. दुसरा कोणी मान वाकवून आत गेला असता. यांनी भिंत फोडून चौकट वर चढवून घेतली. "आपण कोनाम्होरं वाकत नाही," हे वर. केळीच्या बागेतून सुटलेला सगळा पैसा त्या पद्मिनीत ओतला. रुंद टायर, दुसऱ्याच गाडीचं इंजिन, बसक्या स्प्रिंगा. शोभायात्रेतला घोडा परवडला, अशी ती गाडी दिसायची.

ती गाडी त्यांनी साक्रीच्या रस्त्यावर उलटी केली. अक्काच्या माहेरून, म्हणजे साक्रीच्या आमच्या घरून, परतताना एका ट्रॅक्टरवाल्याला आपलं इंजिन ऐकवायचं होतं, एवढंच कारण. वळणावर गाडी शेतात गेली आणि चारी चाकं आभाळाकडे! दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण टप चेपून अक्काच्या डोक्यापर्यंत आला होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी आते या गाडीमा बसाव नही." आणि बसली नाही. माहेरी यायचं तर एसटीने, पिशवी मांडीवर घेऊन. ज्याच्या गाडीकडे गाव वळून बघतं त्याची बायको थांब्यावर उभी... दाजींचं नाक कापलं गेलं, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात रोल केज शिरला. गाडी उलटली तरी टप चेपू नये म्हणून शर्यतीच्या गाड्यांत आतून पाइपांचा सांगाडा बसवतात, तो. असोदा ते फैजपूर बैलगाडीमागे रांगत जाणाऱ्या माणसाला शर्यतीचा पिंजरा! ते निवडायला धुळ्याला माझ्याकडे आले, जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे मला घेऊन गेले. त्या मंडळींची अक्कल तर विचारूच नका. एकाला पाइप चकचकीत हवा होता, दुसऱ्याला फोटोत उठून दिसणारा. "दारातही आडवे पाइप हवेतच, नाहीतर पिंजरा कसला," तिसरा म्हणाला. दाजींनी विचारलं, "गुडघे दुखणारी बाई त्यावरून आत कशी जाईन?" त्यावर सगळे हसले, मीही हसलो. दारं मोकळी ठेवायची, असं दाजींनी तिथेच ठरवलं. जळगावचा वेल्डिंगवाला बोअरचा पाइप वापरू म्हणाला, आमच्याकडे मांडवापासून गोठ्यापर्यंत सगळं त्याच पाइपाचं. तोही नको. बिनजोडाचा जाड पाइप पाहिजे, आणि तो बोल्टने नाही, वेल्डिंगने बसवायचा. वर्षभर हेच पुराण चाललं.

माप घ्यायला त्यांनी अक्काला वर्कशॉपात नेऊन सीटवर बसवलं. नेमके तिथे आबा, म्हणजे दाजींचे थोरले भाऊ, तमाशा बघायला आलेले. थोरल्या दिरासमोर अक्काने आयुष्यात मान वर केलेली नाही. तिने पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत बसली. दाजींनी तेच माप घेतलं! पिंजरा तयार झाला, अक्का घरच्या अंगणात गाडीत ताठ बसली आणि पाइप कपाळावर टण्णकन वाजला. एवढा शहाणा माणूस, पण आपली बायको मान वर करून बसली तर केवढी होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी हे धुळ्यात कितीतरी जणांना रंगवून सांगितलंय.

शेवटी तिची सीट कापून खाली बसवली, वरच्या पाइपाला जाड फोम गुंडाळला. मग ती बसली. दोघं साक्रीला आली तेव्हा दाजी मान एका बाजूला पाडून, खाली घालून गाडी चालवत होते. "काय दाजी, मान धरली का?" मी म्हटलं. "तुले काय समजते गाडीतलं," ते म्हणाले. उतरल्यावर मान पुन्हा खुंटीसारखी ताठ. ही नवी ऐट असेल, असं मी धरून चाललो.

परवा अक्काकडे गेलो होतो. गाडी शेडमध्ये धूळ खात होती. "सुरू करी दे, नहीते बॅटरी उतरी जाई," असं म्हणून ती स्वतः येऊन डावीकडे बसली. मी स्टिअरिंगमागे बसलो आणि पाइप डोक्यात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दाजींपेक्षा चांगला वीतभर बुटका आहे. आडवा पाइप दोन्हीकडे अक्काच्याच मापाचा, पण या बाजूला फोम नव्हता, सीटही कापलेली नव्हती. कापली असती तर रस्ता दिसला नसता...

"मान खाले करीसन बस रे भाऊ," अक्का म्हणाली. "त्या बी तसाच बसेत."

मी मान वाकवून चावी फिरवली. शेजारी अक्का ताठ बसून समोर बघत होती.